रुग्णालयातील अपरिचित दारे
जालना जिल्ह्यातील मुली आणि आरोग्यसेवेतील तंत्रव्यवसाय

दिनांक १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर अशा पाच तालुक्यांचा हा जिल्हा. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा या तालुक्यांची भर पडून आज तालुक्यांची संख्या आठ झाली आहे. संकरित बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळ्या यांसाठी जालन्याचे नाव देशभर घेतले जाते. त्याचबरोबर, दरवर्षी ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचाही हा जिल्हा आहे, हे विसरता येत नाही.

आरोग्यसंस्थांच्या बाबतीत जिल्ह्याचे चित्र बरेच पालटले आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय, गांधी चमन येथील स्त्री रुग्णालय, ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व त्यांची उपकेंद्रे हे शासकीय जाळे आहेच. त्याशिवाय जालना शहरात जुने मिशन हॉस्पिटल आहे, बियाणे उद्योगाचे प्रवर्तक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले श्री गणपती नेत्रालय आहे, बदनापूर तालुक्यात वरुडी येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दिनांक ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याच्या महाविद्यालयाचा समावेश होता. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भावी डॉक्टर उभे राहतात. परंतु अशा महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय चालवावयाचे तर डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज प्रयोगशाळा, रक्तपेढी, क्ष-किरण विभाग, शस्त्रक्रियागृह, औषध भांडार या ठिकाणी काम करणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळाची फार मोठी आवश्यकता असते. हे मनुष्यबळ कोठून येणार, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातील मुली किती असणार, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

माहिती विभागाच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाला शाळांच्या कार्यक्रमांना वारंवार उपस्थित राहावे लागते. दहावीच्या वर्गातील मुलींना पुढे काय व्हावयाचे आहे असे विचारले असता, आरोग्यसेवेकडे ओढा असलेल्या मुली दोनच उत्तरे देतात. ज्यांचे गुण चांगले आहेत त्या ‘डॉक्टर’ म्हणतात, इतर ‘नर्स’ म्हणतात. या दोन शब्दांच्या मध्ये काही आहे याची कल्पना मुलींना नसते, पालकांना नसते, आणि स्पष्टच सांगावयाचे तर अनेक शिक्षकांनाही नसते. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर असून, शासकीय पदभरतीची एक जाहिरात प्रसिद्धीसाठी हाताखालून जाईपर्यंत ‘रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी’ या पदाचे नाव त्यानेही ऐकलेले नव्हते. परिचर्या हा थोर व्यवसाय आहे, त्याचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या मुलीला रुग्णाच्या शुश्रूषेपेक्षा यंत्राची, सूक्ष्मदर्शकाची किंवा हिशेबाची आवड आहे, तिला दुसरे दारच दाखविले जात नाही, ही खरी उणीव होय.

एका मातेच्या निमित्ताने

ही दारे कोणती, याची यादी देण्यापेक्षा एखाद्या मातेच्या मार्गाने रुग्णालयात जाऊन पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या खेड्यातील गरोदर स्त्री घ्या. तिची पहिली नोंद गावातील आशा कार्यकर्ती करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण पाहिले जाते. हे काम प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे. गरोदरपणात हे प्रमाण ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजला जातो आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो तीव्र समजला जातो. तपासणी करणाऱ्याच्या हातून नमुना नीट घेतला गेला नाही आणि आकडा ६ ऐवजी ९ आला, तर डॉक्टर कितीही निष्णात असो, त्याचा निर्णय चुकलाच म्हणून समजावे.

त्यानंतर लोहाच्या व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या. त्या औषधनिर्माण अधिकाऱ्याकडून मिळतात. गोळ्यांचा साठा वेळेवर मागविणे, त्यांची मुदत तपासणे, आणि गोळी चहाबरोबर घेऊ नये हे त्या स्त्रीला तिच्या भाषेत समजावून सांगणे, हे तिन्ही त्याच पदाचे काम आहे. १९४८ च्या फार्मसी अधिनियमानुसार नोंदणीकृत औषधशास्त्रज्ञाखेरीज अन्य कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देऊ शकत नाही. शेवटचे, समजावून सांगण्याचे काम स्त्रीने केले तर दुसरी स्त्री अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे.

समजा, प्रसूतीसाठी या मातेला जालन्याला आणावे लागले आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला. मध्यरात्रीची वेळ. अशा वेळी रक्तपेढीतील तंत्रज्ञ हीच त्या मातेच्या आणि मृत्यूच्या मधली व्यक्ती असते. तिने मातेचा रक्तगट तपासावयाचा, दात्याच्या रक्ताशी त्याचा मेळ बसतो की नाही हे पाहावयाचे आणि नंतरच पिशवी वॉर्डात जाऊ द्यावयाची. रक्ताची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि प्रचलित द्रावणात ती ३५ दिवस टिकते. बिंबिका मात्र पाचच दिवस टिकतात, आणि त्या थंडीत न ठेवता २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. कोणती पिशवी कोणत्या दिवशी बाद होते याची वही बिनचूक ठेवणे हे दिसावयास कारकुनी काम आहे, पण त्यातील एक चूक प्राणावर बेतते.

शस्त्रक्रिया करावी लागली तर भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या शेजारी भूलयंत्राची व प्राणवायूच्या पुरवठ्याची तपासणी करणारी तंत्रज्ञ असते, आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण करून ती क्रमाने मांडणारी शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ असते. बाळ कमी वजनाचे निघाले आणि पुढे कुपोषित राहिले तर पोषण पुनर्वसन केंद्रातील आहारतज्ज्ञ त्याचा आहार ठरविते. बाळाला ऐकू येत नसेल तर श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञ लागते. येथे दोन वर्षांचा उशीर झाला तर मूल बोलावयास शिकण्याचा काळच निघून जातो. रुग्णालयाच्या खर्चाचा प्रश्न आला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक यांच्याकडे जावे लागते.

या एका मातेच्या निमित्ताने आठ-नऊ व्यवसाय आपल्या समोरून गेले. त्यांपैकी एकही परिचर्येचा नाही. यांत क्ष-किरण तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, हृदयालेख काढणारी ई.सी.जी. तंत्रज्ञ, नेत्रचिकित्सा अधिकारी, दंत आरोग्यक, भौतिकोपचारतज्ज्ञ यांची भर घालता येईल. शासनाच्या सरळसेवा भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ते या पदांनाही लागू होते. परंतु पात्रता धारण करणाऱ्या मुलीच अर्ज करू शकतात, आणि पात्रतेचा पाया अकरावीतच घातला जातो.

हे काम स्त्रियांना जमेल काय, अशी शंका आजही कोठे कोठे व्यक्त होते. जालना जिल्ह्याने तरी ती शंका घेऊ नये. या भागात संकरित कापसाच्या बीजोत्पादनाचे प्लॉट पिढ्यान्पिढ्या स्त्रियांच्या हातांवर उभे आहेत. दुपारनंतर कळीतील पुंकेसर नखाने अलगद काढावयाचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यावयाचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर जातीच्या फुलातील पराग त्यावर लावावयाचे. शेतकरी ज्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात ते हेच. ज्या बोटांना हे साधते त्यांना काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढणे अवघड जाऊ नये. फरक इतकाच की, पहिल्या कौशल्याला हंगामी मजुरी मिळते आणि दुसऱ्याला पदविका व नोंदणी लागते.

थोडा पूर्वेतिहास

आरोग्यक्षेत्रातील महाराष्ट्रीय स्त्रियांचा उल्लेख निघाला की, १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांच्यानंतर डॉ. रखमाबाई यांची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र डॉक्टरकीच्या शेजारचे जे व्यवसाय आपण पाहत आहोत त्यांचा इतिहासही स्त्रियांनीच घडविला, हे फारसे सांगितले जात नाही.

मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ च्या सुमारास काही स्त्रियांना प्रवेश देण्यात आला, त्यांत रूपाबाई फर्दुनजी होत्या. क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात त्यांनी प्रावीण्य मिळविले, आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्या जुन्या राजधानीतील ही घटना मराठवाड्याच्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे.

दुसरे नाव कमलाबाई निंबकर यांचे. मूळच्या त्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विवाहाने त्या महाराष्ट्रीय कुटुंबात आल्या, आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील ते पहिले असे विद्यालय मानले जाते. अपघात, पक्षाघात किंवा पोलिओ यांमुळे ज्याचे हात निकामी झाले त्याला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावे, सदऱ्याची गुंडी लावता यावी, यासाठीचे हे शास्त्र आहे. पुढे १९५३ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. महाराष्ट्राने २००२ मध्ये या दोन्ही व्यवसायांसाठी स्वतंत्र परिषदेचा अधिनियम केला.

कला शाखेच्या मुलींसाठीही एक दाखला आहे. देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात झाली. आज शासकीय भाषेत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ म्हणून जे पद ओळखले जाते त्याची ही सुरुवात. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी त्यासाठी लागते, आणि तेथपर्यंत कला शाखेतून जाता येते. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांतील समुपदेशकाच्या पदासाठीही समाजकार्य, मानसशास्त्र यांसारख्या विषयांचे शिक्षण उपयोगी पडते. गृहविज्ञान घेतलेल्या मुलीला आहारशास्त्राकडे वळता येते. म्हणजे दहावीनंतर विज्ञान घेता आले नाही म्हणून आरोग्यसेवेचा मार्गच संपला, असे मात्र नाही.

अकरावीचा अर्ज

तथापि बहुसंख्य तंत्रव्यवसायांना बारावी विज्ञान आवश्यक असते, हे मान्य करावयास हवे. यातही एक बारकावा आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी, म्हणजे डी. फार्मसीसाठी, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक विषय चालतो. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह इत्यादी परावैद्यक पदव्यांसाठी जीवशास्त्र लागते. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, श्रवण व वाचा उपचार यांचे राज्यातील प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतात. ‘नीट’ ही केवळ डॉक्टर होणाऱ्यांची परीक्षा आहे असे समजून अनेक मुली तिचा अर्जच भरीत नाहीत, आणि मग जुलै महिन्यात भौतिकोपचाराची चौकशी करीत येतात. तोपर्यंत वर्ष गेलेले असते.

कालावधीचा विचारही आधीच करावा लागतो. डी. फार्मसी दोन वर्षांची, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी तीन वर्षांची आणि वर एक वर्षाची आंतरवासिता. भौतिकोपचाराची पदवी चार वर्षांची आणि त्यापुढे आंतरवासिता. घरची परिस्थिती, वसतिगृहाची सोय आणि मुलीची तयारी यांचा मेळ घालून शिक्षकांनी सल्ला द्यावा. ज्या घरात ‘दोन वर्षे थांबू, पण चार नाही’ अशी भूमिका आहे, तेथे चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरून दोन्ही गमावण्यापेक्षा दोन वर्षांची पदविका पदरात पाडून घेणे शहाणपणाचे, असे या लेखकाचे मत आहे. पदविका हातात आल्यावर पुढचे शिक्षण घेता येते. लग्न आधी झाले तर पदविकाही क्वचितच होते.

लग्नाचा उल्लेख ओघाने आला असला तरी मूळ प्रश्न तोच आहे. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, जालना जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी जवळपास दर तिघींमागे एकीचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. बारावीची परीक्षा साधारणतः याच वयात येते. परतूर तालुक्यातील एका शाळेच्या पालकसभेत या लेखकासमक्ष घडलेला प्रसंग येथे नमूद करावासा वाटतो. मुख्याध्यापिकांनी प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या शिक्षणाची माहिती दिल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, “बाई, समदं खरं. पण रातची ड्युटी आसंल तर सोयरे इचारतेत.” बाईंनी शांतपणे विचारले, “दादा, गेल्या साली तुमच्या सूनबाईला रात्री जालन्याला नेलं, तेव्हा रक्त कोणी तपासलं?” ते गृहस्थ काही वेळ उभेच राहिले आणि मग म्हणाले, “एक पोरगीच व्हती तिथं.” सभेत हशा पिकला नाही. सर्वजण गप्प झाले होते.

रात्रपाळीची भीती निराधार आहे असे म्हणून तिची बोळवण करणे मात्र योग्य होणार नाही. रात्री कामावर असलेल्या स्त्री-कर्मचाऱ्यास विश्रांतीची स्वतंत्र खोली, आतून लागणारी कडी, प्रकाश असलेला मार्ग आणि स्वच्छतागृह मिळते किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांची आहे. रुग्ण कल्याण समितीवर काम करणाऱ्या पंचायत सदस्यांनी बैठकीत औषधांच्या साठ्याबरोबर या खोलीबद्दलही एक प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

क्ष-किरण विभागाबाबत आणखी एक समज आड येतो. या कामामुळे मुलीला पुढे मूल होणार नाही, असे सर्रास बोलले जाते. किरणोत्सर्ग हानिकारक असतो हे सत्य आहे, म्हणूनच त्याचे नियम कडक आहेत. तंत्रज्ञाने छातीवर एक लहान मापक बिल्ला लावावयाचा असतो. तो ठराविक मुदतीने, सामान्यतः दर तीन महिन्यांनी, तपासणीस जातो आणि शरीरावर किती मात्रा पडली याची नोंद होते. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या मर्यादेनुसार पाच वर्षांच्या सरासरीने ही मात्रा वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक होता कामा नये. गर्भधारणा कळविल्यानंतर गर्भासाठीची मर्यादा यापेक्षा पुष्कळच कमी, १ मिलिसिव्हर्ट इतकी आहे, आणि त्यानुसार काम बदलून द्यावे लागते. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा एकचतुर्थांश होते, हा शाळेतील भौतिकशास्त्राचाच नियम. शिशाचा पडदा, अंतर आणि बिल्ला ही तीन पथ्ये पाळणाऱ्या स्त्रीने हे काम टाळण्याचे कारण नाही. बिल्लाच न देणाऱ्या ठिकाणी मात्र पुरुषानेदेखील काम करू नये.

प्रमाणपत्र आणि नोंदणी

या लेखात सर्वाधिक आग्रहाने जर काही सांगावयाचे असेल तर ते पुढीलप्रमाणे आहे. आरोग्यसेवेतील शिक्षणाचे मूल्य प्रमाणपत्रावरील छपाईत नसून नोंदणीत असते. लेखकाच्या एका परिचित कुटुंबातील मुलीने बारावीनंतर दोन वर्षे एका संस्थेत ‘पॅरामेडिकल’ नावाचा अभ्यासक्रम केला. वडिलांनी कापसाच्या पट्टीतून हप्ते भरले. समारंभपूर्वक, सोनेरी शिक्का असलेले प्रमाणपत्र मिळाले. नोकरीच्या अर्जाच्या वेळी नोंदणी क्रमांक मागितला गेला, तेव्हा कळले की, त्या अभ्यासक्रमाला कोणत्याही विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता नव्हती. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण ‘एकीचे पाहिले की’ या एका वाक्यावर थांबले. एका बनावट प्रमाणपत्राची किंमत अशी दोन मुलींनी मोजली.

असे घडू नये म्हणून शुल्काचा पहिला रुपया भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा कोणते शासकीय मंडळ घेणार? त्या विद्यापीठाच्या संलग्न संस्थांच्या यादीत या संस्थेचे नाव व चालू वर्ष आहे काय? आणि उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होणार? डी. फार्मसीसाठी उत्तर सोपे आहे. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची आणि नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलची. श्रवण व वाचा उपचारासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता पाहावी. इतर तंत्रव्यवसायांसाठी महाराष्ट्राने २०११ चा परावैद्यक परिषद अधिनियम केला होता, आणि त्यानंतर २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम संमत केला. या केंद्रीय अधिनियमात दहा गटांत मिळून पन्नासहून अधिक व्यवसायांना प्रथमच एकत्रित मान्यता मिळाली. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षिलेले आहे. तीन महिन्यांत किंवा सहा महिन्यांत ‘तंत्रज्ञ’ करून देण्याची जाहिरात दिसली तर शिक्षकांनी हा तासांचा आकडा आठवावा आणि पालकांनाही सांगावा.

सोनोग्राफीबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. गर्भवतीची सोनोग्राफी कोणी करावी हे १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक अधिनियमाने ठरविले असून, विहित पात्रता व प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरखेरीज इतरांना ती करता येत नाही. अल्पमुदतीच्या शिक्षणावर मुलींना सोनोग्राफीचे काम मिळवून देतो असे कोणी सांगत असेल, तर तो त्या मुलीला फौजदारी गुन्ह्याच्या दारात नेऊन उभे करीत आहे असे समजावे.

शुल्काच्या बाबतीत शासनाचे साहाय्य उपलब्ध आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमास केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांचा १०० टक्के लाभ शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून देण्यात आला. अनुसूचित जाती व जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना पूर्वीपासून आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास २०२४ च्या निर्णयाचा लाभ नाही, ही अट अनेकांना प्रवेश झाल्यानंतर कळते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे निकालाच्या आधी तयार ठेवणे हे काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर सहज होण्यासारखे आहे.

आशा कार्यकर्तीची पुढची पायरी

आशा कार्यकर्तींचा वेगळा विचार करावयास हवा, कारण खेड्यातील सर्वांत जवळची आरोग्यव्यक्ती तीच आहे. या कल्पनेची मुळे महाराष्ट्राच्या मातीत आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला खेड्यातील, प्रसंगी निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि त्यामुळे नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगाला दाखवून दिले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा योजनेच्या मागे असे अनुभव होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला.

गौरव झाला, तरी आशा ही नियमित वेतनश्रेणीतील कर्मचारी नाही. तिला कामावर आधारित मोबदला व मानदेय मिळतो. तेव्हा आशा होणे म्हणजे नोकरी लागणे, असे मुलींना सांगू नये. मात्र अनेक आशा तिशीच्या आतबाहेरच्या, दहावी-बारावी झालेल्या आणि रक्तदाब, वजन, तापाची नोंद यांचा रोजचा सराव असलेल्या असतात. त्यांच्यातील ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करून समाजकार्याकडे वळणे, किंवा गटप्रवर्तक पदासाठी पात्रता मिळविणे शक्य आहे. आणि आपल्या मुलीला कोणत्या वाटेने न्यावयाचे हे आशाइतके जाणून घेण्याची संधी खेड्यातील दुसऱ्या कोणत्या आईला असते?

या संदर्भात तामिळनाडूतील मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण बोधप्रद आहे. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेने परिसरातील खेड्यांतून बारावी झालेल्या मुली निवडल्या, त्यांना दोन वर्षे स्वतः प्रशिक्षण दिले, आणि दृष्टी तपासणे, चष्म्याचा क्रमांक काढणे, शस्त्रक्रियेस साहाय्य करणे ही कामे त्यांच्याकडे सोपविली. एका डॉक्टरच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या त्यामुळे कित्येक पटींनी वाढली. मोतीबिंदूचे रुग्ण मराठवाड्यात कमी नाहीत, आणि जालन्यात तर नेत्रचिकित्सेची परंपरा आहे. दृष्टिमापनशास्त्राकडे, म्हणजे ऑप्टोमेट्रीकडे, आपल्या मुलींचे लक्ष जाण्यास याहून निराळे निमित्त नको.

प्रवासाचा प्रश्न शेवटी उरतोच. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. बारावीनंतर, म्हणजे वाट लांबते नेमक्या त्या वेळी, तो थांबतो. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली आणि विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा मासिक पासही आहे. पण भोकरदन वा जाफराबादकडील एखाद्या आडवाटेच्या गावात सकाळी सातच्या आत गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग कोणता? गाडीची वेळ बदलून घेण्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून आगार व्यवस्थापकांकडे पाठविणे, हा खर्चाचा नव्हे तर पाठपुराव्याचा विषय आहे. ठरावात किती मुली, कोणत्या संस्थेत, किती वाजता पोहोचावयाच्या आहेत, हे आकडे लिहावेत, त्याशिवाय आगारात त्याचा विचार होणे कठीण. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील जो १० टक्के भाग खर्च करावयाचा असतो, त्यातून मुलींच्या प्रशिक्षणासाठी काय करता येईल याची विचारणा गटविकास अधिकाऱ्यांकडे करता येईल.

अकरावीचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात. त्यापूर्वी, एप्रिल महिन्यातील एखाद्या दिवशी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दहावीच्या मुलींना तेथील प्रयोगशाळा व औषध भांडार दाखवून आणावे. दहा-दहा मुलींचे गट केले तर अर्ध्या दिवसात काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाची काचपट्टी एकेकीला पाहू द्यावी, आणि ती दाखविणारी तंत्रज्ञ स्त्री असेल तर तिने हे शिक्षण कोठे, किती वर्षांत व किती खर्चात घेतले, हे तिलाच मुलींना सांगू द्यावे.